गुणसूत्रांच्या कांबळेआक्का

फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला जगात एकच काम जमतं, ते म्हणजे मोडायचं, असं कांबळेआक्कांचं ठाम मत होतं. "तुमी अणू फोडला, किरणं सोडली आणि घरी गेला. मागं जे काय तुटलं ते निस्तरायचं काम आमच्या पेशीकडं," असं त्या स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणायच्या. निपाणीच्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो आणि त्या प्राणिशास्त्र. वास्तविक मी कधी अणू फोडलेला नाही. मला घरचा नारळही एका घावात फोडता येत नाही, हे माझी बायको विचारल्याशिवायच सांगते. पण आक्कांसमोर मी सगळ्या फिजिक्सचा प्रतिनिधी असल्यासारखा गप्प बसायचो.

त्यांचं नाव सुलोचना. हजेरीपटावर डॉ. सुलोचना कांबळे, पण प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे आक्काच म्हणायचे. उंच, काटकुळ्या, सुती साडी, आणि चालण्यात अशी घाई की पदर नेहमी अर्धा पाऊल मागे. आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आक्का शिकत शिकत मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पोचल्या. माणसाच्या रक्तावर किरणं सोडायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की पेशीतली गुणसूत्रं कुठं तुटली, कुठं सांधली, कुठं चुकीची सांधली, हे त्यांचं तिथलं काम. पुढं वडील अंथरुणाला खिळले म्हणून सगळं सोडून त्या परत आल्या आणि निपाणीच्या पोरांना बेडकाची आतडी दाखवू लागल्या. याबद्दल कुणी हळहळलं की म्हणायच्या, "तिथं मी तुटलेली गुणसूत्रं बघायचो, हितं उत्तरपत्रिका बघतो. नुकसान सारखंच." आमच्याकडच्या बायका 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात. आक्कांनी मुंबईतही ते बदललं नव्हतं.

दुरुस्ती या विषयावर डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईंना स्वतः मात्र काहीही दुरुस्त करता यायचं नाही. चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेवर, चष्म्याची काडी दोऱ्यावर, घरातला नळ कायम गळका. एकदा मी मोठ्या आत्मविश्वासानं तो नळ बघायला गेलो. पाना लावला, जोर दिला, आणि आधी थेंब थेंब गळणारा नळ धो धो वाहायला लागला. आक्का बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बघा, फिजिक्स."

'स्वल्प तडी' हे त्यांचं आवडतं वाक्य. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'जरा थांब'. बाजारात भाजीवाला घाई करू लागला, वर्गात पोरगं अर्धवट उत्तर देऊ लागलं, मी स्टाफ मीटिंगमध्ये राजीनामा द्यायला उठलो (हे मी अधूनमधून करायचो, कुणी मनावर घ्यायचं नाही), की आक्का हात वर करून म्हणायच्या, "स्वल्प तडी." वर्गातही हेच. "किरणं लागली, डीएनएचा धागा तुटला. आता पेशी पयल्यांदा काय करती? जोडाय धावती? न्हाई. पयल्यांदा सोताला म्हणती, स्वल्प तडी. तुटका धागा घिऊन पेशी तशीच दुभंगली, तर निम्मे तुकडे हिकडं, निम्मे तिकडं, आणि दोन्ही घरं बरबाद. म्हणून आधी थांबायचं. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबवत्यात तसं. कागद बघितल्याबिगर पुढं सोडायचं न्हाई." कोरोनाच्या काळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या त्या नाक्यावर आमच्या अर्ध्या वर्गाच्या घरच्यांना तासन् तास अडकून पडावं लागलं होतं. त्यामुळे हा मुद्दा पोरांना पुन्हा समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्यांच्या एका तासाला मी चुकून सापडलो. प्रयोगशाळेच्या दारावरून जात होतो, तर आतून हाक आली, "पाटील सर, जरा या." टेबलावर सुतळीचे तुकडे होते, काही निळे, काही पांढरे. प्रत्येक सुतळी म्हणजे एक गुणसूत्र. तिची मूळची दोन्ही टोकं आक्कांनी नेलपॉलिशमध्ये बुडवून लाल केली होती. मग त्यांनी कात्री घेऊन एक निळी आणि एक पांढरी सुतळी मधेच कापली आणि मला म्हणाल्या, "जोडा बघू पटकन. पेशीकडं लई येळ नसतोय."

पोरं बघत होती. मी बाह्या सरसावल्या आणि दोन गाठी मारून मोकळा झालो. वर्गात हसू फुटलं. मी निळ्याला पांढरं जोडलं होतं, आणि दुसऱ्या गाठीत एक तुटकं टोक एका लाल टोकाला बांधून टाकलं होतं.

"सरांनी दोन्ही चुका एकदम केल्या, त्यामुळं माझा येळ वाचला," आक्का म्हणाल्या. मग पोरांना समजावलं. पेशीकडं जोडायच्या दोन वाटा असतात. एक घाईची. समोर दिसतील ती दोन टोकं धरायची आणि चिकटवायची. त्यात कधी मधला तुकडा गळतो, कधी भलत्याशी भलतं जुळतं. दुसरी वाट सावकाशीची. पेशीनं आपल्या गुणसूत्राची नक्कल आधीच तयार केली असेल, तर त्या जुळ्या बहिणीकडं बघून, अक्षर न् अक्षर उतरवून घेत तुटलेली जागा भरायची. आणि लाल टोकं? गुणसूत्राच्या मूळच्या टोकांना एक टोपी असते. ती टोपी बघून पेशीला कळतं, की हे टोक तुटलेलं नाही, इथं गुणसूत्र संपतंच. टोपी नसती, तर पेशी चांगली टोकं पण तुटकी समजून एकमेकांना जोडत बसली असती. "सरांगत," असं म्हणून त्यांनी माझी सुतळी वर उचलून दाखवली. त्या सालापासून प्राणिशास्त्र विभागात चुकीच्या सांध्याला 'पाटील-जोड' म्हणतात. माझं नाव विज्ञानात राहिलं असेल तर ते एवढंच.

शेजारच्या एका खेड्यात दवाखान्याला एक्स-रे मशीन येणार होतं. दवाखाना शाळेच्या भिंतीला लागून असल्यानं लोक बिथरले. ग्रामपंचायतीनं कॉलेजला कळवलं, कुणीतरी येऊन समजावून सांगा. मी हौसेनं पुढं झालो. फळ्यावर अणू काढला, बाण काढले, 'आयनीकरण' हा शब्द तीनदा वापरला. पाचव्या मिनिटाला मागून एक आजोबा उठून म्हणाले, "मास्तर, म्हंजे बाँबच की ह्यो." सभा पांगायच्या बेतात होती. तेव्हा आक्का उठल्या. त्या म्हणाल्या, "तुमी हितं बसलाय तवर तुमच्या अंगात शेकडो ठिकाणी धागं तुटल्यात आणि जोडून पण झाल्यात. उन्हानं तुटत्यात, नुसत्या श्वासानं तुटत्यात. एक्स-रेचं बी तसंच. कामापुरता काढला तर अंग निस्तरतंय. उगंच रोज काढाय जाऊ नका. आणि मशीनच्या खोलीची भिंत पाटील सरांस्नी तपासू दे, ते त्येंचं काम हाय." लोक शांत झाले. मीही शांत झालो, कारण भिंत कशी तपासतात हे मला घरी जाऊन वाचावं लागणार होतं.

मग एक दिवस कँटीनमध्ये त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या छातीत गाठ सापडली आहे आणि ती वाईट आहे. अशा वेळी माणसानं काय बोलावं? मी किरणोत्सारी पदार्थांच्या अर्धायुष्यावर बोलायला लागलो. चांगला पाच-सहा मिनिटं बोललो. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमाला लई भ्या वाटलंय व्हय, सर?" मी मान हलवली. "मला पण," त्या म्हणाल्या. एवढंच बोलणं झालं. चहा गार झाला होता, तो आम्ही तसाच प्यालो.

बेळगावात शस्त्रक्रिया झाली, मग औषधं, केस गेले, मग किरणोपचार सुरू झाले. निपाणीहून बसनं जाऊन यायचं, आठवड्याचे पाच दिवस. भाऊ अशोक आपलं मोबाइलचं दुकान सोडून रोज येऊ शकत नव्हता, म्हणून माझा तास नसेल त्या दिवशी मी सोबत जायचो. माझं काम म्हणजे ताकाची बाटली धरून बाहेर बसायचं. पहिल्या दिवशी मशीनच्या खोलीतून बाहेर येताना आक्का हसत होत्या. म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्याचं रक्त काचेच्या बशीत घालून किरणाखाली ठेवलं. आज मीच बशीत."

परतीच्या वाटेवर, संकेश्वरच्या आसपास, दोन्ही बाजूंनी ऊस आणि बस कारखान्याच्या ट्रॅक्टरमागं अडकलेली, अशा वेळी मी त्यांना विचारलं की रोज थोडं थोडं का देतात, एकदाच का देऊन टाकत नाहीत. हा प्रश्न खरं तर फिजिक्सवाल्याला पडू नये. पण आक्कांनी ते बोलून दाखवलं नाही. "चांगल्या पेशीस्नी रातभर दुरुस्तीला येळ मिळावा म्हणून. गाठीतल्या पेशी बी दुरुस्ती करत्यात, पण त्या गबाळ्या. थांबतच न्हाईत, तुटकं तसंच घिऊन पुढं पळत्यात. रोजच्या रोज असं केलं की चांगल्या टिकत्यात आणि गबाळ्या संपत्यात." जरा वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "असं पुस्तकात हाय. आता माझ्या पेशींनी पुस्तक वाचलंय का न्हाई, बघू."

पेशींनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. निदान एक पान नक्कीच फाटलेलं होतं. डॉक्टरांनी रक्ताची जनुकीय तपासणी करायला सांगितली. तिचा निकाल आला त्या दिवशी आक्का स्टाफरूममध्ये आल्या, खुर्चीत बसल्या आणि किती तरी वेळ हसल्या. मग डोळे पुसले. सावकाशीनं जोडायची जी वाट, बहिणीकडं बघून उतरवून घ्यायची, तिच्यावर काम करणारं एक जनुक त्यांच्यात जन्मापासून बिघडलेलं होतं. आईकडून आलेलं. आईही छातीच्या गाठीनंच गेली होती. आक्का तेव्हा कॉलेजात होत्या, आणि वखारीतल्या धुळीनं झालं असं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला होता.

"हजारभर लोकांची गुणसूत्रं मोजली मी, सर," त्या म्हणाल्या. "सोताची कधी बघितली न्हाईत. बाकी सगळं सोडा, परीक्षकानं ह्याच्यावर मला नापास करायला पायजे हुतं."

पुढं डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या त्या याच बिघाडाचा फायदा घेणाऱ्या. आक्कांनी मला तेही समजावलं. गाठीच्या पेशींची सावकाशीची वाट पूर्ण बंद पडली आहे. त्या एका दुसऱ्या, आडवाटेच्या दुरुस्तीवर जगतात. गोळी ती आडवाट बंद करते, म्हणून त्या मरतात. शरीरातल्या बाकीच्या पेशींना आईकडून बिघडलेली प्रत आली, तरी वडिलांकडून आलेली चांगली प्रत शाबूत असते; गाठीतल्या पेशींनी तीही गमावलेली असते. त्यांची वाट चालू राहते. मी मान डोलावत ऐकलं. विद्यार्थ्यांचे पालक फार भरभर कन्नड बोलायला लागले की मी अशीच मान डोलावतो.

पण खरा पेच वेगळाच होता. अशोकची मुलगी प्रज्ञा बेळगावात कॅम्पमधल्या एका दवाखान्यात नर्स होती. तिचं लग्न संकेश्वरच्या महेशशी ठरलं होतं, साखर कारखान्यात केमिस्ट असलेला शांत पोरगा. आईचं बिघडलेलं जनुक अशोककडंही आलं असेल, तर ते प्रज्ञाकडंही गेलेलं असू शकत होतं. आक्कांनी भावाला सांगितलं. मी तिथंच होतो, आक्कांच्या औषधांची पिशवी घेऊन आलेला.

अशोक म्हणाला, "आक्का, तू शिकलीस म्हणून पोरीनं भोगायचं का? लग्न हू दे. मग काय सांगायचं ते सांग."

"लग्नानंतर सांगितलं तर ती फसवणूक हुती, अशोक."

"आणि आधी सांगितलं तर लग्नच हुणार न्हाई. मग?"

आक्का म्हणाल्या, "आई गेली तवा कुणी काय इचारलं न्हाई, कुणी काय सांगितलं न्हाई. म्हणून मला गाठ लागली ती मोठी झाल्यावर लागली. प्रज्ञाचं तसं हू द्यायचं न्हाई मला."

अशोक उठून गेला. त्यानंतर बरेच महिने तो बहिणीशी बोलला नाही. एकाच गल्लीत राहून समोरून गेला तर मोबाइल कानाला लावायचा. आक्का म्हणायच्या, "मोबाइलच्या दुकानवाल्याला त्येवढं सोपं हाय."

प्रज्ञाला त्यांनी स्वतः सांगितलं. ती चिडली, पण वेगळ्याच गोष्टीवर. "आत्या, मी नर्स हाय. रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट देतो. माझं मलाच शेवटी कळायचं व्हय?" तिनं त्याच आठवड्यात रक्त दिलं. निकाल आला. बिघाड तिच्यातही होता. त्या दिवशी मात्र आक्कांनी एकही विनोद केला नाही. दोघी आत्या-भाच्या कॅम्पातल्या चर्चबाहेरच्या झाडाखाली बसून होत्या, आणि मी समोरच्या हॉटेलात तीन चहा मागवून तिन्ही एकटाच प्यालो, कारण त्यांना बोलवायचं धाडस झालं नाही.

प्रज्ञानं ठरवलं की महेशच्या घरी सांगायचं. महेशला तिनं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "घरी तुमीच सांगा, मला नीट सांगता येणार न्हाई." म्हणून संकेश्वरला जायचं ठरलं. अशोक येणार नव्हता. मग वडीलधारा माणूस म्हणून मला घेतलं. आक्कांनी गाडीत बसतानाच बजावलं, "सर, तुमी फक्त बसायचं."

मी बसलो. महेशचे वडील दत्तूअण्णा समोर, महेश त्यांच्यामागं उभा, आई शांताबाई दाराच्या चौकटीला टेकून, डोक्यावर पदर. 'जय भीम' झालं, पाणी आलं. आक्कांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. प्रज्ञाला गाठ होईलच असं नाही, पण इतरांपेक्षा शक्यता पुष्कळ जास्त. वेळोवेळी तपासावं लागेल. मुलांमध्येही जाऊ शकतं.

दत्तूअण्णांनी विचारलं, "म्हंजे नातवंडांत जाणारच का?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, नाणं उडवल्यासारखं समजा. प्रत्येक मुलाला छापा किंवा काटा."

दत्तूअण्णांचा चेहरा कडक झाला. "आमच्या घरात जुगार खेळत न्हाईत, मास्तर." आक्कांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मी उरलेला वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत काढला.

प्रज्ञा खाली बघून बोटं मोडत बसली होती. दत्तूअण्णा म्हणाले, "विचार करून कळवतो." सगळ्यांना त्याचा अर्थ कळला होता. आक्का उठायला लागल्या.

तेव्हा शांताबाई चौकटीजवळून म्हणाल्या, "बाई, ही टेस्ट म्हाताऱ्या माणसाची बी करत्यात का?"

आक्का थांबल्या. "करत्यात की. का वो?"

"माझी आई ह्येनंच गेली. मावशी बी. मला रोज अंघुळीच्या येळंला भ्या वाटतं. ह्यांस्नी बी कधी सांगितलं न्हाई." त्यांनी दत्तूअण्णांकडं बघितलं. "तुमी हिला नको म्हणत असशीला, तर तीस वर्सांपूर्वी मला बी नकोच म्हणाय पायजे हुतं."

दत्तूअण्णा काही वेळ बायकोकडं बघत राहिले, जणू ही बाई आज पहिल्यांदाच भेटते आहे. मग महेशला म्हणाले, "चहा ठेव जा." संकेश्वरात सासरे लोक होकार असा देतात, हे मला आक्कांनी परतताना समजावलं.

लग्न निपाणीच्या विहारात झालं. अशोक सकाळपासून धावपळ करत होता आणि बहिणीला चुकवत होता. वंदना सुरू व्हायच्या आधी आक्कांना चक्कर आल्यासारखं झालं, तर पहिला तोच पोचला. कोपराला धरून त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "गोळी घेतलीस न्हाई व्हय सकाळी?" आक्का म्हणाल्या, "घेतली की रं." बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं. त्यानंतर बेळगावला त्यांना तोच घेऊन जायचा, दुकान बंद ठेवून. त्यानं स्वतःचंही रक्त तपासून घेतलं.

शांताबाईंच्या रक्तात काही सापडलं नाही. ते ऐकून त्या दिवसभर रडल्या असं प्रज्ञा सांगत होती. प्रज्ञा ठरल्या वेळेला तपासणी करून घेते. आजवर सगळं ठीक आहे. गोळ्यांनी आक्कांना चांगली काही वर्षं दिली. त्यात त्या निवृत्त झाल्या, निरोपसमारंभात माझ्या सुतळीची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली आणि लोक पुन्हा हसले. मग गाठीतल्या काही पेशींनी गोळीला चुकवायची वाट शोधली. आक्का म्हणाल्या, "गबाळ्या म्हणत हुतो त्येंना, पण शिकल्या की वो." गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.

जाण्याच्या महिनाभर आधी मी त्यांना माझ्या गाडीतून संकेश्वरला सोडलं होतं. प्रज्ञाकडं दोन दिवस राहायचं होतं. तासाभरानं निघताना मी त्यांना शोधत घराच्या मागच्या बाजूला गेलो. पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. आक्का खालच्या पायरीवर बसल्या होत्या, शांताबाई वरच्या. आक्कांचे केस परत आले होते, पोरासारखे आखूड, दाट, पांढरे. शांताबाई त्यात वाटीतलं तेल जिरवत होत्या आणि दोघी कुणाच्या तरी सुनेबद्दल हळू आवाजात बोलत होत्या. चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे मी कोण ते आक्कांना लगेच ओळखू आलं नसावं. मग चालीवरून ओळखलं.

"तुमी जावा, सर," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "मी आता उठत न्हाई. निम्मं डोकं झालंय."